वरचा मजला, खालचा जबडा

डॉ. व्यंकटेश दात बघण्याआधी पेशंटच्या चपला बघतात. पेशंट आत जाऊन खुर्चीत बसला की डॉक्टर बाहेर येतात, दारातली त्याची जोडी उचलतात, उलटी करतात आणि टाच कुठे झिजली आहे ते पाहतात. मग आत जाऊन विचारतात, "डावीकडची दाढ कधी काढली?" पेशंट दचकतो. बऱ्याचदा दाढ खरोखरच डावीकडची असते. नसते तेव्हा डॉक्टर म्हणतात, "मग चप्पल दुसऱ्याची घालून आलात." एकदा हेही खरं निघालं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, घरोघरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचा दवाखाना आहे. माझं घर समोरच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जबडा सरकला की मान सरकते, मानेमागून खांदा, खांद्यामागून कंबर आणि शेवटी गुडघा. लोक गुडघ्याला तेल चोळत बसतात आणि चूक वर राहते. हे त्यांना कॉलेजात कोणी शिकवलेलं नाही. त्यांचे वडील टॉवेलचे माग चालवत. "बीमवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावर, ताण एका बाजूला कमी पडला की टॉवेल तिरका निघतो," डॉक्टर सांगतात. "गिऱ्हाईक टॉवेल ओढून सरळ करतं. माझे वडील बीम बघायचे."

तपासणीचं मुख्य साधन म्हणजे कडक भाकरी. खुर्चीशेजारी तिचा डबा असतो. ज्वारीची, पापडासारखी पातळ, मोडली की आवाज करणारी. डॉक्टर एक तुकडा हातात देतात आणि म्हणतात, "चावून दाखवा." मग डोळे मिटून आवाज ऐकतात. कुठल्या बाजूने चावता, किती वेळाने बाजू बदलता, गिळायची घाई करता का, हे त्यांना ऐकून कळतं म्हणे. शेंगाचटणी तपासणीत धरलेली नाही. ती मागितल्यास मिळते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक माग कामगार बायकोला घेऊन आला होता. रोज सकाळी डोकं ठणकायचं.

"डॉक्टर, दात चांगलं हायत. डोकं दुखतंय."

"रात्री दात खाता का?"

"न्हाय की."

"खातोय की!" बायको म्हणाली. "लई खातोय. कारखान्यातला माग घरी आणल्यागत वाटतं. पोरगं उठून बसतंय."

डॉक्टरांनी त्याला रात्री दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच करून दिलं. महिन्याभरात डोकं दुखायचं थांबलं. झोपेत दात खाल्ले की डोकं दुखू शकतं, हे दातांचे इतर डॉक्टरही मान्य करतात. गुडघ्यापर्यंत मात्र व्यंकटेश एकटेच जातात.

बार्शीचे एक निवृत्त मास्तर गुडघ्यासाठी आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं जुनं उंच फिलिंग घासून सपाट केलं. मास्तर आता फुटाणे खातात. गुडघा होता तसाच आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणतात, "गुडघ्याला निरोप पोचायला वेळ लागतो."

लग्नकार्यात त्यांना बोलावताना लोक विचार करतात. एका साखरपुड्यात ते स्वतः न जेवता पंगतीतले जबडे बघत हिंडत होते. नवऱ्या मुलाच्या वडिलांपाशी थांबून म्हणाले, "मुलगी एकाच बाजूनं चावते. आत्ताच दाखवलंत तर पुढं मान धरणार नाही." वडिलांच्या हातातला घास हातातच राहिला. मुलीच्या मामाने डॉक्टरांना दंडाला धरून पानसुपारीकडे नेलं. लग्न झालं. मुलगी पुढे दातांसाठी त्यांच्याकडेच आली.

या सगळ्याला एक माणूस कधीही बधला नाही. तो त्यांच्या डोक्यावरच बसतो.

वरच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ डॉ. अंबादास यांचा हाडांचा दवाखाना आहे. घरचे आणि बाहेरचे सगळे त्यांना अन्ना म्हणतात. गुडघा, कंबर, मान हा अन्नांचा अधिकृत प्रांत. धाकटा भाऊ जिन्याच्या तोंडाशीच हा प्रांत अडवतो, ही त्यांची तक्रार. "अडवू दे," अन्ना म्हणत. "व्यंकट्यानं दात घासले की गुडघा चालत माझ्याकडं येतोच."

दोघे राहतात त्याच इमारतीत सगळ्यात वर, एकाच घरात, जेवतात एकाच टेबलावर. व्यंकटेश यांनी लग्न केलेलं नाही. जेवताना जबडा आणि गुडघा या दोन्ही विषयांना वहिनींनी बंदी केली आहे. घरची भाषा तेलुगू. पण भांडायचं असलं की दोघे भाऊ मराठीत येतात. आईला समजू नये म्हणून लहानपणी लागलेली सवय, आई गेल्यानंतरही राहिली.

अन्नांची अक्कलदाढ एकदा सुजली. खाली उतरून धाकट्या भावाला दाखवायची, तर ते गाडी काढून पुण्याला गेले आणि तिकडे काढून आले. "याला दाखवली असती तर दाढेबरोबर माझी कंबरही काढली असती," असं त्यांनी पेशंटना हसत सांगितलं. ती गोष्ट पूर्व भागात महिनाभर चालली. व्यंकटेश सगळ्या गोष्टी रंगवून सांगतात. ही त्यांनी मला एकाच वाक्यात सांगितली : "अन्ना दाढ काढायला पुण्याला गेला." पुढे कोणाचं तरी फिलिंग घासत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी मी त्यांच्या खुर्चीत होतो. गालात कापसाचे बोळे, तोंड उघडं. दार ढकलून अन्ना आत आले. डावा हात खालच्या जबड्यावर होता.

"व्यंकट्या, बघ रे बाबा. हरलो मी. आठवडा झाला, जबडा दुखतोय."

मला खुर्चीतून उठवण्यात आलं. कापूस काढायचं कोणालाही सुचलं नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो.

व्यंकटेशना इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात दोनदा धुतले. खुर्चीची मान अन्नांच्या उंचीला लावली, पुन्हा लावली. दिवा ओढला. एकेक दात वाजवून पाहिला. कानापुढचा सांधा दाबला.

"इथं दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही रे. सगळीकडंच दुखतं, असं बोट ठेवता येत नाही."

"चावताना?"

"सकाळी कडक भाकरीच खाल्ली. काही नाही झालं."

"मग दुखतं कधी?"

"जिना चढताना. वर जाऊन पाच मिनिटं बसलो की जातं. दाढच असणार."

व्यंकटेश यांचा हात अन्नांच्या हनुवटीवर होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी दिवा बाजूला केला.

"अन्ना, दाढेला जिना कळत नाही."

"म्हणजे?"

"हे दाताचं नाही. जबड्याचंही नाही. छातीचं आहे. आत्ता जायचं."

अन्ना हसले. "अरे, जन्मभर तू लोकांचे गुडघे जबड्यात शोधलेस. आज माझा खरोखरचा जबडा दुखतोय, तर म्हणतोस जबडा नाही? आज तरी जबडा म्हण की!"

"नाही म्हणत."

"वर पेशंट बसलेत माझे. तू थोडं घास, गोळी दे. संध्याकाळी बघू."

"घासणार नाही."

"लेका, मी स्वतः आलोय. लोकांना सांग, अन्ना खाली आला म्हणून. गावभर सांग. यांना पण सांग." हे माझ्याकडे बोट दाखवून. मी कापसातून काहीतरी म्हणालो. ते कोणी ऐकलं नाही.

व्यंकटेश खुर्चीसमोर उभे राहिले. इतका वेळ मराठीत चाललेलं बोलणं त्यांनी सोडलं आणि तेलुगूत, अगदी हळू म्हणाले, "ले, अन्ना." ऊठ, अन्ना.

अन्ना उठले.

वरच्या पेशंटना परत पाठवायचं काम वहिनींवर सोडून आम्ही निघालो. व्यंकटेश गाडी चालवत होते, अंगात ॲप्रन तसाच. मागच्या सीटवर मी अन्नांना धरून होतो. हॉस्पिटलच्या दारात जबडा पुन्हा दुखू लागला, या वेळी जिना नसतानाच. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद झाली होती. त्याच संध्याकाळी ती उघडून आत स्प्रिंग बसवली. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. व्यंकटेश यांनी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. मी हॉस्पिटलात होतो तो सगळा वेळ ते आयसीयूच्या दाराकडे तोंड करून बसले होते.

अन्ना घरी आल्यावर मी भेटायला गेलो. ते गॅलरीत बसले होते.

"एक सांगतो," ते म्हणाले. "मला थोडी शंका होती. हाडांचा असलो तरी डॉक्टर आहे ना मी. म्हणूनच खाली गेलो. म्हटलं, व्यंकट्या काय, जबडाच म्हणणार. तो जबडा म्हणाला असता तर मी खुशाल घासून घेतलं असतं आणि वर जाऊन पेशंट बघितले असते." "त्यानं नेमकं त्याच दिवशी ऐकलं नाही."

माझं अर्धवट राहिलेलं फिलिंग पूर्ण करायला मी खाली आलो. व्यंकटेश हत्यारं मांडत होते. मी म्हणालो, "डॉक्टर, भावाचा जीव वाचवलात. आता तरी अन्ना तुम्हाला मानतील."

"मानतो तो. काल वहिनीसमोर म्हणाला तसं." त्यांनी माझ्या गळ्याभोवती कागद बांधला आणि दिवा लावला. दिवा लावूनही त्यांचं काम सुरू होईना. मी तोंड उघडून वाट बघत होतो.

"इतकी वर्षं वाट बघितली हो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच अन्ना माझ्या खुर्चीत बसला होता. आणि मला त्याला ऊठ म्हणावं लागलं."