विक्तोरिनाबाईंच्या शिळेवरील मुक्या अक्षराची हकीकत

श्री. जो वाणीत आहे आणि मौनातही आहे, त्यास नमस्कार. शके अठराशे तेहतीस, विरोधकृत नाम संवत्सरे, पश्चिमसमुद्राचे काठी पोर्तुगीज भाषेचे एक राज्य होते, त्याचे वर्तमान कानी आले तैसे लिहितो. आम्ही तो मुलूख पाहिला नाही, उणे अधिक असल्यास जाणत्यांनी राग न धरावा. त्या राज्याचे एक लेकराज्य समुद्रापलीकडे होते. लेक आईहून थोर जाहली, तरी भाषा आईचीच बोलत होती आणि लेखन मात्र दोहोंकडे निराळे पडू लागले. मग उभय दरबारांनी लेखन एक करावे ऐसा विचार केला आणि पंडितांची सभा भरविली. पलीकडून दोना झुल्मिरा नामे विदुषी आल्या आणि बोलिल्या, "जे अक्षर मुखी येत नाही ते कागदी कशास पोसावे?" अलीकडील एक पंडित बोलिले, "बाई, आमच्या घरी सासवा वर्षानुवर्षे अबोला धरितात, म्हणोन त्यांचे ताट बंद करावे काय?" सभा हसली, बाईही हसल्या, परंतु मुद्दा सोडीनात. मग ठराव जाहला की बोलले जाते ते अक्षर ठेवावे, न बोलले जाते ते काढावे, आणि वेशीवरील व थडग्यांवरील शिळांवरूनही काढावे. आणि बोलले जाते कोणते, हे कोणी सांगावे? तर त्या राज्याची चाल ऐसी की सभेत जो वयोवृद्ध त्याचा शब्द शेवटचा, त्यावर दुसरी साक्ष मागत नाहीत.

वयोवृद्ध ते दोम फुल्जेन्सियु. त्यांची स्त्री विक्तोरिनाबाई वारली होती, आणि तिच्या शिळेवर नाव त्यांनी स्वहस्ते खडूने रेखून दिले आणि मग पाथरवटाने कोरिले होते. लिहावे विक्तोरिना आणि म्हणावे वितोरिना, मधील क मुका, ऐसी तेथील रीत. तेच अलीकडील पंडित त्यांचे घरी आले आणि म्हणाले, "काका, सभेत एकवार क म्हणोन दाखवा. मग त्या शिळेस छिन्नी लावील ऐसी कोणाची छाती?" मग दोम फुल्जेन्सियु अंगणात एकटे बसोन विक्, विक् ऐसा अभ्यास करू लागले. बहीण एर्मेलिंदाबाई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, उचकी लागली. कोणी आठवण काढिली?" त्यांनी पाणी घेतले आणि अभ्यास पुन्हा केला नाही.

सभा भरली. दोना झुल्मिरांनी पुसिले, "आजोबा, हा क आपल्या मुखी येतो काय?" ते उठले आणि बोलिले, "कन्ये, तिला मी आयुष्यभर हाका मारिल्या. त्यात क नव्हता, आणि ती ओ देत होती. परंतु लिहिताना तो कधी गाळिला नाही. हाताची साक्ष ठरावात बसते काय?" बाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "नाही बसत, आजोबा." मागून कोणी कुजबुजले, "बुडविले म्हाताऱ्याने!" ते खाली बसले.

मग शिळेवरील क छिलोन काढिला. दगडातील अक्षरे जवळ सरकवता येत नाहीत, म्हणोन तेथे खळगा राहिला. पाथरवटाने पुसिले, "मालक, चुना भरू?" ते म्हणाले, "राहू दे, बाबा." गलबत सुटण्यापूर्वी दोना झुल्मिरा तेथे फुले घेऊन गेल्या. नाव वाचू लागल्या आणि त्या खळग्यापाशी अडखळल्या, क्षणभर थांबल्या, आणि मग पुढील अक्षरे वाचिली. पुढे जो कोणी ते नाव वाची, तो तेथे थांबत असे.

एवंच, अक्षर गेले आणि दोम फुल्जेन्सियु खरे बोलिले. दोहों राज्यांचे लेखन त्याउपर एक जाहले की नाही, हे आम्हांस नक्की ठाऊक नाही. जाहले नसावे ऐसे वाटते.