बाईंनी घेतलेले माप

खोलीच्या दारात चाकांची खुर्ची अडकली, तेव्हा बाई आत होत्या, त्यांचे यजमान खुर्चीत होते आणि अतिथीगृहाचा व्यवस्थापक बाहेर व्हरांड्यात होता. उंबरा ओलांडताना खुर्ची मागे ओढत न्यावी, असे इस्पितळात शिकवले होते. बाईंनी ती शिकवण तंतोतंत पाळली आणि असा काही हिसका दिला की खुर्ची चौकटीत पाचरीसारखी बसली.

"दार अरुंद आहे," बाईंनी निकाल दिला. "फोनवर खोटं माप सांगितलंत तुम्ही."

"मावशी, तुम्ही दोनदा मोजायला लावलंत. दोन्ही वेळा तेच भरलं."

"आणि खुर्ची मी स्वतः मोजलीय!"

यापुढे बोलणे खुंटावे, अशीच बाईंना सवय होती. शिवणवर्ग चालवण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते आणि त्यांच्या मापाला कोणी बोट लावलेले नव्हते.

पण आज गाठ मुलाशी होती. वडिलांना पक्षाघात झाल्यापासून तो त्यांना जिन्याखालीही उतरू देत नसे. यजमानांनी वर्षभरात एकच हट्ट धरला, समुद्र पाहायचा. आणि बाईंनी तो पुरा करण्याचा विडा उचलला. पायऱ्या, उतार, न्हाणीघरातला आधाराचा दांडा, सारे फोनवरून उलटसुलट विचारून घेतले. मुलाने निघताना बजावले होते, "संध्याकाळी फोन करीन. काही अडलं असेल तर उद्या गाडी घेऊन येतो, आणि मग पुन्हा सहलीचं नाव काढायचं नाही."

संध्याकाळ होत आली होती.

व्यवस्थापकाने पोलादी टेप आणली. बाईंनी पिशवीतून आपली जुनी कापडी टेप काढली आणि खुर्चीच्या पाठीवरून पुढे सोडली. दोन्ही टेपा यजमानांच्या मांडीवर शेजारी शेजारी पसरल्या गेल्या. त्याच आकड्याला बाईंची टेप दोन बोटे पुढे गेली.

"ताणलीय ही. म्हणून खुर्ची कमी भरली," व्यवस्थापक हळूच म्हणाला.

"माझ्या हातचा एक कपडा कधी सैल झाला नाही!"

ते खरेच होते. माप त्याच टेपने घ्यायचे, कापडही त्याच टेपने बेतायचे; वर्षानुवर्षे चूक चुकीला सांभाळून घेत आली होती. घरी खुर्ची मोजताना यजमानांनी टेपेकडे बोट दाखवून काही सांगू पाहिले होते. परंतु आजारपणापासून त्यांचे वाक्य सावकाश यायचे आणि ते पुरे करण्याची बाईंना घाई असायची. "पाणी हवंय ना?" म्हणून त्यांनी पेला पुढे केला होता.

"खुर्ची मिटणारी आहे," व्यवस्थापक म्हणाला. "काका उठले, की मिटून काढतो."

"मी धरल्याशिवाय ते उठत नाहीत."

"मग धरा."

"कुठून धरू? पाठीमागून?"

"मी धरतो."

"खबरदार!" बाईंचा आवाज चिरकला. मागे एकदा घरी बाईंची नुसती पाठ वळली होती, तेवढ्यात यजमान न्हाणीघरात पडले होते. पडल्याचा तो आवाज बाईंच्या कानांतून अजून गेला नव्हता.

इतक्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजू लागला. मुलगाच. बाईंनी तो वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजू लागला.

यजमानांनी डाव्या हाताने मांडीवरच्या दोन्ही टेपा बाजूला सारल्या. खुर्चीची कळ दाबून चाके जखडली. चौकट धरली.

"अहो! बसा खाली!"

यजमान उठले.

बाईंनी खुर्चीच्या पाठीवरून हात लांबवला. तो सदऱ्याच्या टोकापाशीही पोचला नाही. यजमानांनी व्यवस्थापकाच्या खांद्यावर भार टाकला. उजवा पाय फरफटला, थबकला, पुन्हा निघाला. व्हरांड्याच्या कठड्याला यजमानांचा हात टेकला, मग कोपर टेकले, आणि त्यांनी मान वर केली. समोर समुद्र होता.

व्यवस्थापकाने वेताची आरामखुर्ची ओढून त्यांना बसवले आणि तो दाराकडे वळला. "आता काढतो हं, मावशी."

"थां..." यजमान म्हणाले.

"पाणी हवंय त्यांना! लवकर!" बाई आतून ओरडल्या.

यजमानांनी नकारार्थी मान हलवली आणि वर्षभरात प्रथमच आपले वाक्य आपणच पुरे केले. "थांब... जरा वेळ. असू दे... तिला आत."

व्यवस्थापकाने बाईंकडे पाहिले, यजमानांकडे पाहिले आणि चहा सांगतो म्हणून तो निघून गेला.

फोन तिसऱ्यांदा वाजला. बाई पलंगावर बसल्या. खोलीच्या खिडकीतून मागची भिंत आणि वाळत घातलेल्या चादरी तेवढ्या दिसत होत्या. त्यांनी फोन उचलला.

"आई, उचलत का नव्हतीस? बाबा कुठायत?"

"बाहेर. समुद्र बघतायत."

"खरं सांग. दारातून नीट जाता-येता येतंय ना?"

बाईंनी चौकटीत घट्ट बसलेल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

"त्यांना येतंय," त्या म्हणाल्या.