कोट इथेच राहील

विमा कंपनीचा माणूस अकराला येणार होता आणि शिंपीकाका नऊलाच दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. काकूंचा पहिला आक्षेप त्या शर्टालाच होता.

"अहो, अपघात झालाय आपला. लग्नाला निघाल्यासारखे काय बसलाय?"

"मग काय लोळत पडू? मला काय धाड भरलीये?"

महिन्यापूर्वी चौकात पावाच्या गाडीनं त्यांच्या स्कूटरला मागून उडवलं होतं. काकूंचा पाय अजून प्लास्टरमध्ये, दोन स्टुलांवर विराजमान होता. काकांच्या उजव्या हाताचं प्लास्टर परवाच निघालं होतं. हात कितपत सुधारतो ते कळायला तीन महिने लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कंपनीचं म्हणणं मात्र असं, की आत्ता सही करा, आठवड्यात चेक घ्या, आणि पुढे काही मागू नका. काका सहीला उतावीळ झाले होते. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस तो, कुणी हाताची चौकशी केली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

काकूंना मात्र ते तीन महिने थांबायचं होतं, म्हणून त्यांनी बेत आखला होता. दुकानातली लाकडी मीटरपट्टी त्यांनी मांडीवर घेतली. "मी पट्टी आपटली की कण्हायचं. फार नाटक नको. नुसतं 'आई गं' म्हणा."

माणूस आला. तरुण, घामाघूम, तरी अंगात कोट. बसता बसता त्यानं विचारलं, "हात कसा आहे, काका?"

पट्टी आपटली.

"झकास," काका म्हणाले.

पट्टी पुन्हा आपटली, जरा जोरात.

"हिच्या पायाला मुंग्या येतात, म्हणून आपटते," काकांनी खुलासा केला.

"रात्रभर कण्हत असतात हे," काकू म्हणाल्या.

"ती घोरत असते. तिला काय ऐकू येणार?"

माणसाचा चेहरा खुलला. त्यानं लगेच कागद काढले आणि पेन पुढे केलं. तेवढ्यात त्याच्या काखेतली उसवलेली शिवण काकांना दिसली आणि सही राहिली बाजूला.

"हा कोट शिवलाय कुणी?"

"तयार घेतला, काका."

"ते दिसतंच आहे. काढा."

"आधी सही केली असती तर..."

"उसवलेल्या माणसासमोर मी सही करत नसतो. काढा."

काकूंनी कपाळाला हात लावला. साहेबांच्या डोळ्यांदेखत हा माणूस शिवायला बसला, की हात दुखावलाय असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांनी पट्टी आपटून आपटून फरशीला खड्डा पाडायचा तेवढा ठेवला.

दोरा ओवायला काका चारदा चुकले. "उजेड नाही या घरात," ते पुटपुटले. शेवटी कंपनीच्या माणसानंच ओवून दिला. मग मात्र काका रंगात आले. शिवण अशी धरायची, टाका असा घ्यायचा, असं समजावत त्यांनी चार-पाच टाके घातले.

"काका, अस्तरावर हे लाल काय?"

काकांनी पाहिलं. "रक्त आहे. तुम्हाला लागलंय का कुठे?"

रक्त त्यांच्याच अंगठ्यातून येत होतं. सुईचं मागचं टोक चांगलं आत रुतलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी ते उपसलं. सुई उलटी केली आणि तिचं पुढचं टोक अंगठ्याला लावलं, हळूच, मग जोरात. अंगठा दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

सकाळपासून ज्या एका 'आई गं'साठी काकूंनी जिवाचं रान केलं होतं, ते आता तरी त्यांच्या तोंडून निघावं असं काकूंना वाटलं. काका पुन्हा सुई टोचून बघत होते. काकूंना रडू आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं आणि पट्टी खाली ठेवली.

माणसानं निमूट पेनाला टोपण लावलं. "डॉक्टरांनी सांगितलंय तोवर थांबा, काका. मी तसं लिहून देतो," असं म्हणत त्यानं कोटाला हात घातला.

कोट काकूंनी आधीच ओढून घेतला होता. "कोट इथेच राहील. ज्या दिवशी यांच्या हातानं बाही पुरी होईल, त्या दिवशी या. कोट पण न्या, सही पण न्या."

"अहो काकू, एकच कोट आहे माझ्याकडे."

"यांना पण उजवा हात एकच आहे."

माणूस नुसत्या शर्टावर जिना उतरू लागला. काका दारापर्यंत गेले आणि बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"अहो साहेब," त्यांनी वरून हाक दिली, "तुमचा डावा खांदा जरा उतरता आहे. बाहीबरोबर तेही बघून ठेवतो. घाई नाही ना?"