हात मागे बांधणारे सोपानभाऊ

सोपानभाऊ केदारींनी उभ्या आयुष्यात कुणाला मदत केली नाही. हे माझं मत नव्हे, लोणावळ्याचा अर्धा बाजार असं म्हणायचा. आमच्या शेजारच्या जोशीकाकूंची पिशवी एकदा भर रस्त्यात फाटली आणि दोन शेर बटाटे उताराला लागले. पानवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत सगळे धावले. सोपानभाऊ मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून जागच्या जागी उभे. काकू वाकल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गुडघ्यातनं वाका मावशी, कमरंतनं न्हाई." पुढे कित्येक दिवस काकू त्यांचा उल्लेख 'तो मेला खांब' असा करत होत्या.

मळवली हे त्यांचं गाव. तिथल्या एका लग्नात नवरदेवाच्या लकवा झालेल्या चुलत्याने स्वतःचा फेटा स्वतःच बांधायला घेतला. मुहूर्त जवळ आला, भटजी घड्याळ बघायला लागले, चारजण मदतीला सरसावले. सोपानभाऊंनी चौघांनाही अडवलं आणि म्हणाले, "करू द्या त्येला." अक्षता पडल्या तेव्हा मुहूर्त कधीच टळून गेला होता. नवरीच्या बापाने भाऊंना यथेच्छ शिव्या घातल्या. चुलत्याने मात्र तो वाकडा फेटा झोपतानाही उतरवला नाही म्हणतात.

आता खरं सांगते. हा आळस नव्हता आणि माणूसघाणेपणाही नव्हता. ती त्यांची नोकरी होती.

ही साठ सालानंतरची गोष्ट. लोणावळ्याच्या एका टोकाला तेव्हा एक लहानसं इस्पितळ होतं. पोलिओची मुलं, लकव्याची म्हातारी माणसं, कारखान्यात नाहीतर रुळांवर हात सापडलेले कामगार तिथे येत. त्यांना घास घेणं, बटण लावणं, विळा धरणं अशी गमावलेली कामं पुन्हा शिकवण्यासाठी एक खोली होती. बाहेर 'ऑक्युपेशनल थेरपी' अशी पाटी होती, पण ते नाव कुणाच्या जिभेला झेपायचं नाही. सगळे तिला 'कामाची खोली' म्हणत. मुंबईहून शिकून आलेल्या थेरपिस्ट, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, पेशंटला तपासायच्या आणि काय करून घ्यायचं ते कागदावर लिहायच्या. ते करून घ्यायचे सोपानभाऊ. ते असिस्टंट होते. शिक्षण सातवी पास.

मी इंटर सायन्स होऊन घरी बसले होते, म्हणून तिथे हंगामी असिस्टंट म्हणून लागले. पहिल्याच दिवशी एका आजोबांच्या हातून चमचा पडला आणि मी तो चटकन उचलून दिला. भाऊंनी मला बाजूला घेतलं. "आपला हात फुडं गेला की पेशंटचा मागं जातो," ते म्हणाले, आणि गॉजची पट्टी आणून त्यांनी माझे हात पाठीमागे चक्क बांधले. रोज तासभर, असे आठ दिवस. हे सांगितलं की लोक हसतात. पण नवव्या दिवशी चमचा पडला तेव्हा माझे हात आपोआप मागे गेले, आणि आजोबांनी पाच मिनिटं खटपट करून तो स्वतः उचलला. त्या दिवशी मला भाऊंनी पहिल्यांदा चहा पाजला.

ते माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, आधी हाताकडे बघायचे. मला बघायला आलेला एक मुलगा त्यांना बाजारात भेटला होता. मी दुसऱ्या दिवशी भीत भीत त्यांचं मत विचारलं. म्हणाले, "मनगाट कच्चं हाय." ते स्थळ पुढे कशाने फिसकटलं देव जाणे, पण त्यानंतर मला तरी त्या मुलाचं मनगटच आठवत राहिलं.

जगात माणसं दोन जातींची, असा त्यांचा सिद्धांत होता. सांगनारी आन् करनारी. "आपन करनारं," असं म्हणून ते विषय संपवायचे. कागदावर नसलेली गोष्ट ते मेले तरी करायचे नाहीत. इंदुरी गावचे एक शेतकरी होते, उजवा हात अधू झालेले. मोठ्या बाईंनी त्यांना रंगीत लाकडी खुंट्या भोकांत बसवायला सांगितल्या. ते भडकले. मी काय बालवाडीतलं पोर आहे का, म्हणून पाठ फिरवून बसले. भाऊंना उपाय दिसत होता, पण बोलतील तर शपथ. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं, की बाईंना विचार, परातीत चिखल करून भाताची रोपं लावायला दिली तर? वर बजावलं, माझं नाव घेऊ नको.

मी विचारलं, बाई हसून हो म्हणाल्या, कागदावर लिहिलं गेलं. मग काय विचारता, शेतकरीदादांनी परातीत अशी सरळ लावणी केली की पाहत राहावं. खोलीभर चिखल झाला. बाईंनी माझी पाठ थोपटली. भाऊ कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते, आणि मला फार ओशाळल्यासारखं झालं.

वर्ष होत आलं तशी बाईंनी मला बोलावून घेतलं. असिस्टंटची जागा कायम होत होती, ती माझीच होती. किंवा मग मुंबईला जाऊन थेरपिस्टचा अभ्यासक्रम करायचा. अर्जाला चार दिवस उरले होते. आईचं म्हणणं सरळ होतं, घराजवळची नोकरी सोडून परक्या शहरात कशाला मरायला जायचं. आणि मलाही खोटं कशाला बोलायचं, कागद लिहिणाऱ्या बाईंपेक्षा भाऊंसारखं व्हावंसं वाटत होतं. माझ्या मते खरं काम तेच करत होते.

हे त्यांना सांगून खूश करावं म्हणून रविवारी सकाळीच मी मळवलीला उतरले. दार लोटलेलं होतं. आत पाटावर त्यांची बायको ठकूमावशी बसली होती आणि मागे सोपानभाऊ. दातांत कंगवा, ओठांत आकडे आणि दोन्ही हात बायकोच्या केसांत. अंबाडा घालणं चाललं होतं. मला बघून त्यांच्या तोंडातला कंगवा पडला. मावशींचा उजवा हात मांडीवर होता, बोटं आत वळून घट्ट बसलेली. वर्षभर मी या माणसाबरोबर काम केलं, आणि मला याचा गंधही नव्हता.

मी माझा निर्णय सांगितला. भाऊ खूश झाले नाहीत. ते मला अंगणात घेऊन गेले.

"भातकापनीत इळा लागला तिला," ते म्हणाले. "टाकं आपल्याच इस्पितळात घातलं. तीन हप्तं पट्टी, फुडचं डाक्तर सांगतील तसं, आसं कागदावर व्हतं. डाक्तर बदलून गेलं. मोठ्या बाई तवा आल्या न्हवत्या. सांगनारं कुनीच न्हाई. इस्पितळात बगून बगून मला ठाव व्हतं, आता बोटं हलवाया पायजेत. रोज बगायचो."

"मग?"

"मंग काय. दोन म्हयनं वाट बगितली, हात मागं बांधून." ते माझ्या हातांकडे बघत होते. "करनारी मानसं लय हायत, नलू. तू सांगनारी हो."

मी सोमवारी अर्ज भरला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शिकून काही वर्षांनी मी त्याच इस्पितळात, त्याच खोलीत परत आले. मोठ्या बाई तोवर मुंबईला गेल्या होत्या, त्यांची खुर्ची मला मिळाली. भाऊ दारात उभे होते, डोक्यावरचे थोडे केस पांढरे झालेले. मी धावत गेले. ते म्हणाले, "या बाई. तुमी बसा, पेशंट आनतो." मला नलू म्हणणारा, अगंतुगं करणारा माणूस मला तुमी म्हणाला. फार लागलं मला ते. आपण मुंबईत काय मिळवलं ते ठाऊक होतं, काय गमावलं ते त्या दारात कळलं.

दिवस संपला तसे ते टेबलाजवळ आले. रविवारी येऊन ठकूचा हात बघाल का, असं त्यांनी विचारलं. मोठ्या बाईंना विचारायचा धीर त्यांना कधी झाला नसावा. इतकी वर्षं ते सांगणाऱ्या माणसाची वाट बघत थांबले होते, आणि तो माणूस आता मी होते.

मी गेले. हात बघितला. सांधे पार धरून बसले होते, फार काही होण्यासारखं नव्हतं. हे भाऊंना कसं सांगावं ते मला सुचेना. भाऊ चहाला दूध आणायला शेजारी गेले आणि मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"मला ठाव हाय पोरी, हे आता न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी भाऊंनी घातलेला अंबाडा सोडला. वळलेल्या बोटांत केसांचा झुपका अडकवला, डाव्या हाताने पीळ दिला, दोन आकडे खोचले. पुरतं मिनिटही लागलं नाही, आणि अंबाडा भाऊंच्यापेक्षा कितीतरी देखणा झाला.

"लय वरसं झाली, येतं मला. त्येला सांगितलं न्हाई." त्यांनी अंबाडा पुन्हा सोडला आणि भाऊंनी घातला होता तसा, एका बाजूला कललेला बांधला. "सकाळचा येवडा अंबाडा घातला की त्येला दिस सुरू झाल्यागत वाटतो. न्हाईतर माज्या हाताकडं बगत बसंल दिसभर."

भाऊ दुधाचा तांब्या घेऊन आले. तो खाली ठेवला आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, काय करायचं ते सांगा."

मी म्हणाले, "भाऊ, रोज सकाळी अंबाडा तुम्हीच घालायचा. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

ठकूमावशी चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. भाऊंनी थोडा विचार केला.

"कागदावर लिवून द्या," ते म्हणाले.

मी लिहून दिलं.