विचलन शून्य

शिंपीकाकू प्रयोगशाळेत शिरल्या त्या परीक्षा खिशात घातल्याच्या तोऱ्यात. "मोजमापात मला कोण हरवणार गं? तीस वर्षं टेप गळ्यात आहे," असं त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या पोरींना सांगूनही टाकलं. पन्नाशीत बारावीला बसल्या होत्या. लेखी पेपर कसाबसा निभावला होता. आज प्रात्यक्षिकात घसरल्या की वर्ष पाण्यात.

कागदावर लिहिलं होतं: लंबकाच्या वीस आंदोलनांना लागणाऱ्या वेळाची दहा वाचने घ्या आणि प्रमाण विचलन काढा. विचलन म्हणजे वाचनं एकमेकांपासून किती पांगली. जितकं कमी, तितकं मोजमाप नेटकं. एवढं काकूंना पाठ होतं. त्यांनी लंबक सोडला, वीस आंदोलनं मोजली, घड्याळ थांबवलं. चष्मा पुसून वाचलं: अठ्ठावीस पॉइंट चार. लिहिलं. पुन्हा चष्मा पुसला आणि तेच थांबलेलं घड्याळ पुन्हा वाचलं. असं दहा वेळा. विचलन आलं शून्य. गिऱ्हाइकापुढे नवा कोट धरावा तशी काकूंनी वही पुढे केली.

परीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हाताने घड्याळ दाबून शून्य? बाई, आकडे घरून आणलेत का? असल्या वहीला मी सरळ नापास करतो."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "नाही हो सर, दहाही मीच वाचली."

"वाचली खरी," प्रयोगशाळेतले भाऊ नळ्या पुसता पुसता म्हणाले. "लंबक एकदाच सोडला, पण घड्याळ दहादा वाचलं. मला वाटलं, बाईंना नीट दिसत नसेल."

परीक्षकांना हसू आवरेना. "म्हणजे तुम्ही खोट्या नाही, जरा जास्तच खऱ्या आहात. अहो, लंबक दहादा सोडायचा! घ्या अर्धा तास."

या खेपेला आकडे पांगले. अठ्ठावीस पॉइंट दोन, पॉइंट सहा, मग पॉइंट तीन. काकूंनी वही चोरट्यासारखी सरकवली. "बिघडलं सर. विचलन पॉइंट दोन आलं."

"आत्ता जमलं," म्हणत त्यांनी सही ठोकली.

काकूंचे डोळे भरून आले. "भाऊ, तुम्ही बोलला नसतात तर मी गेलेच होते कामातून. तुमचे उपकार विसरायची नाही. सदरा शिवून देणार, नको म्हणायचं नाही."

तिथेच टेप काढला आणि पोटाचा घेर दहादा मोजला. भाऊ लाजून दर वेळी पोट कमीजास्त आत ओढत राहिले. काकूंनी हिशेब केला.

"सरासरी बेचाळीस, विचलन दोन इंच. सोडा भाऊ श्वास, सैलच शिवते."