सगळ्यांत जाड पुस्तक

लायब्ररीच्या बाईंनी सकाळी कुलूप काढलं, तर त्यांच्या पाठोपाठ मुख्याध्यापक आत आले आणि टेपने भिंत मोजायला लागले. टेपची डबी धरून शिपाई पार कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. माणसाच्या डोळ्यांदेखत त्याची खोली मोजली जाते, तेव्हा ती त्याच्या सोयीसाठी मोजली जात नसते.

"काय चाललंय सर?"

"काही नाही हो. मोडकी बाकं किती मावतील ते बघतोय."

"इथे?"

"मग कुठे ठेवू? इथे येतं कोण? तुम्ही आणि वाळवी."

ते खोटं नव्हतं. त्या खोलीत ऊन कधी शिरलंच नव्हतं. दिवसाढवळ्या ट्यूब लावावी लागे, आणि तीही लागायची की नाही याचा बराच वेळ विचार करायची. वाचनाच्या तासाला मुलं यायची ती गणिताचा गृहपाठ उरकायला, नाहीतर सरळ डोकं टेकून झोपायला. बाई कपाटांवरची धूळ पुसायच्या, ती दुसऱ्या दिवशी परत येऊन बसायची. नेमाने परत येणारी तेवढी एकच.

तरी ही खोली गेली तर बाईंचं काही खरं नव्हतं. मग उरलेली नोकरी म्हणजे गैरहजर शिक्षकांच्या वर्गावर जाऊन "गप्प बसा रे" म्हणणं. त्या विचारासरशी त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "मला थोडा वेळ द्या सर. मुलं इथे धावत येतील."

"धावत?" मुख्याध्यापकांनी टेप सोडली. ती सुर्रकन परत आली आणि शिपायाच्या अंगठ्याला लागली. "बघू. धावत आली तर बाकं दुसरीकडे टाकू."

बाईंनी मग चिठ्ठ्यांच्या खेळाची स्पर्धा काढली. वर्गाच्या चार तुकड्या पाडायच्या. एका पुस्तकात चिठ्ठी, तिच्यावर त्याच पुस्तकातला एक प्रश्न, उत्तर आलं की पुढच्या पुस्तकाचा पत्ता. उत्तरासाठी पुस्तक वाचावंच लागणार, अशी त्यांची भाबडी समजूत. चिठ्ठ्या तयार करता करता बाई अर्ध्या झाल्या. शेवटच्या चिठ्ठीला प्रश्न सुचेना, म्हणून तिच्यावर नुसतं "शाबास, तुम्ही जिंकलात!" लिहिलं आणि ती वरच्या फळीवरच्या सगळ्यांत जाड पुस्तकात सरकवली. त्याला कोणी हात लावण्याची भीतीच नव्हती.

सराव सुरू झाला आणि मुलं खरोखरच धावत आली. येताना दाराची कडी घेऊन आली. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी शोध लावला, की पुस्तक उघडायची गरजच नाही. पाठीला धरून उलटं झटकायचं, चिठ्ठी खाली पडते. उत्तरांसाठी त्यांनी त्याहून सोपी वाट काढली. ती बाईंनाच विचारायची.

"बाई, राजाला मुलं किती?"

"अरे, वाचून बघ ना!"

"वेळ नाहीये बाई! ते लोक पुढे गेले!"

तीन की चार, एवढं ओरडून बघितलं की बाईंच्या चेहऱ्यावरून उत्तर कळायचं. पुस्तकांचे पुठ्ठे निखळले, शिवण उसवली. बाई संध्याकाळी एकट्याच डिंक घेऊन बसायच्या. त्यांना रडू यायचं, आणि रडू आलं की डिंक जास्त पडायचा.

मुख्याध्यापक मात्र भलतेच खूष झाले. एकदा त्यांनी दारातून डोकावून बघितलं. खोलीत उभं राहायला जागा नव्हती आणि प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक होतं. उलटं होतं, पण होतं. "बाई, तुम्ही तर कमाल केलीत!" ते म्हणाले आणि तडक वरच्या ऑफिसला कळवून मोकळे झाले. अंतिम फेरी बघायला मोठे साहेब येणार असं ठरलं. ते खूष झाले तर लायब्ररी राहणार, नाही झाले तर बाकं त्याच दिवशी आत येणार होती. ती बाहेर व्हरांड्यात रचून तयारच होती.

साहेब आले, खुर्चीत बसले, मनगटावरचं घड्याळ बघितलं. शिट्टी वाजली. मुलं कपाटांवर तुटून पडली. पुस्तकं झटकली गेली, चिठ्ठ्या उडाल्या, आणि सगळ्यांच्या पुढे असलेली तुकडी स्टुलावर चढून वरच्या फळीपाशी पोचली. तिथे पुस्तकाच्या जागी धुळीत उमटलेला चौकोन होता.

"बाई, पुस्तक नाहीये!"

मुख्याध्यापक साहेबांकडे बघून हसले, मग बाईंकडे बघून हसायचे थांबले.

"कुठे गेलं? कोणी नेलं?" बाईंनी विचारलं.

"कासवानं नेलंय बाई!" मॉनिटर ओरडला. "मी बघितलं! मघाशी घेऊन गेली!"

कासव म्हणजे वर्गातली एक मुलगी. डबा खायला, वही काढायला, उत्तर द्यायला तिला सगळ्यांपेक्षा दुप्पट वेळ लागे. तुकड्या पाडल्या त्या दिवशी ती तापाने घरी होती. नंतर तिला कोणीच आपल्यात घेईना. तेव्हा बाईच घाईघाईत म्हणाल्या होत्या, "तू असं कर, एखादं पुस्तक घे आणि बस कुठेतरी." तिने ते मनावर घेतलं होतं.

अख्खा वर्ग जिन्याकडे धावला. मागून बाई, त्यांच्या मागून मुख्याध्यापक, आणि काय प्रकार आहे ते न कळून साहेबही. जिन्याच्या वळणावर खिडकीखाली ती बसली होती. मांडीवर ते जाड पुस्तक, अर्ध्याच्याही पुढे उघडलेलं. एवढी पलटण अंगावर आली तरी तिने मान वर केली नाही.

"बाई, ही चीटिंग करतेय!" मॉनिटर किंचाळला. "वाचत बसलीये!"

"वाचत?" साहेबांनी विचारलं. "आत्ता? स्पर्धा चालू असताना?"

"मी बघतो साहेब," मुख्याध्यापक घाम पुसत म्हणाले. "असे एकदोन विद्यार्थी असतात प्रत्येक शाळेत. बाई, घ्या ते पुस्तक."

बाई तिच्यासमोर वाकल्या. इतक्या वर्षांत त्या लायब्ररीतलं पुस्तक कोणी असं वाचताना त्यांनी बघितलं नव्हतं. मुलीचे ओठ हलत होते, बोट ओळीवरून सरकत होतं.

"अगं, जरा दे बरं ते."

"बाई, एवढं प्रकरण संपवू? थोडंच राहिलंय."

बाईंनी मागे बघितलं. साहेब घड्याळ बघत होते. त्यांच्या पलीकडे बाकांचा ढीग दिसत होता. बाईंनी पुस्तक ओढून घेतलं. मुलीचं बोट ओळीवर होतं तसंच क्षणभर हवेत राहिलं. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी पुस्तक मॉनिटरच्या हातात जवळजवळ फेकलंच. त्याने ते पाठीला धरून झटकलं. चिठ्ठी पडली. जिना टाळ्यांनी दणाणून गेला.

"ती माझी खूण होती," कासव म्हणाली. ते कोणाला ऐकू गेलं नाही.

साहेब खूष झाले. इतके, की लायब्ररी तर राहिलीच, वर तिला 'वाचनक्रीडा कक्ष' असं नाव मिळालं आणि दारावर रंगीत पाटी लागली. मुलांना धावायला मोकळी जागा हवी, म्हणून कपाटं हलवली आणि पुस्तकं पोत्यांत भरून बाकांशेजारी रचली. खेळापुरती तेवढी काही ठेवली. विजेतं पुस्तक साहेबांनी दिलेल्या ढालीबरोबर मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात गेलं. त्याची किल्ली ते कोणाला देत नसत.

काही दिवसांनी कासव त्या मोकळ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, ते पुस्तक मिळेल?"

"सरांच्या कपाटात आहे गं. ते आता काढता येत नाही."

"मग पुढे काय होतं तेवढं सांगा ना. म्हातारा त्या घरात एकटाच होता, तिथवर आले होते मी. मुलगी येते का त्याची?"

त्या पुस्तकावरची धूळ त्यांनी वर्षानुवर्षं पुसली होती, वाचलं मात्र कधी नव्हतं. पण या पोरीला एवढं तरी द्यायला हवं होतं.

"येते ना," त्या शक्य तितक्या प्रेमाने म्हणाल्या. "येते, आणि म्हाताऱ्याला आपल्या घरी घेऊन जाते. मग सगळे सुखात राहतात."

कासवाने त्यांच्याकडे बघितलं. नेहमीसारखाच तिने उत्तर द्यायला वेळ घेतला.

"तिला तर त्याने पहिल्याच प्रकरणात पुरलंय बाई," ती म्हणाली. "तो वाट बघतोय, पण त्याला ते आठवत नाहीये." मग बाईंना वाईट वाटू नये म्हणून तिने हळूच विचारलं, "तुमच्याकडूनही कोणी ते मध्येच काढून घेतलं होतं का?"