गंजक्या पत्र्यांची मोहीम

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मौजे कुरुळी येथील दोन मशिनांच्या संस्थानावर जे गंडांतर आले आणि ज्या रीतीने निवारिले, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

संस्थानाचे धनी राजश्री रणजीतराव, पत्रे दाबून मोठ्या कंपन्यांस सुटे भाग पुरवीत. त्यांचे कुटुंब तेजस्विनीबाई संचालिका. परंतु प्रायव्हेट लिमिटेडास दोन असाम्या लागतात म्हणून, सहीपुरत्या. आणि ऐशा बेसावध समयी निघोजेकर पोलादवाले उद्धवराव यांजकडोन वकिली खलिता आला की, पत्र्यांचे चार लक्ष ऐंशी हजार पंधरा दिवसांत भरणे, न भरलिया कंपनीवर दावा गुदरू. बाई आठ महिन्यांच्या चिरंजीव सार्थकरावांस नाचणीचे सत्त्व भरवीत होत्या; मजकूर वाचिता कंपनीच्या कर्जापोटी आकुर्डीचा राहता फ्लॅट बँकेकडे तारण असल्याचे स्मरले आणि चमचा हातीच राहिला.

मग रणजीतराव शिफ्ट उरकून परतले आणि मसलत बसली. ते वदले, "अगं, तो माल गंजका होता. सगळा परत धाडलाय टेम्पोनं. फोनवर बोललोय मी." बाईंनी कागद पुसता वदले, "भाऊभाऊ आहोत आम्ही, कागद कशाला?" भाऊ वकिलामार्फत ख्यालीखुशाली पुसतात हे बाईंस त्या दिवशी कळले.

परंतु बाईंस घोर फार, म्हणोन चिटोरेही टाकीत नसत. टेम्पोवाल्या नवनाथाने आणिलेले परतीचे चलन त्यांनी घरातील कधीही न हरवणाऱ्या एकमेव दफ्तरात, चिरंजिवांच्या लसीकरणाच्या फायलीत, ठेविले होते. आणि शिक्क्यावाचून टेम्पो आत न सोडणे हा खुद्द उद्धवरावांचा हुकूम, सबब त्यांच्याच रखवालदाराने त्यावर "गंजका माल परत आला" ऐसे लिहून, तारीखवार शिक्का ठोकिला होता.

मग बाईंनी वकिलाकरवी जबाब धाडिला की, रक्कम नामंजूर. माल तुमचे दारी पोहोचला, सोबतच्या नकलेवरील शिक्का आपला आपण ओळखावा.

चौथे दिवशी उद्धवरावांचा फोन आला. "वहिनी, वकिलानं घोळ घातला बघा. नोटीस मागं घेतली समजा." बाईंचा हुकूम सुटला की, समजणार नाही, लेखी द्यावे, आणि शिक्का फाटकावरचाच मारावा, तुमचे घरी तोच एक खरे बोलतो.

माघारीचा कागद दाखल जाहला, फत्ते जाहली, आणि "म्हटलं नव्हतं, भाऊच आहे!" म्हणत रणजीतरावांनी यश आपले पदरी घेतले. मग कायदा जाहला की, संचालिका वाचिल्याखेरीज सही करणार नाहीत. रणजीतरावांनी तोंडी कबूल केले. बाईंनी कागद आणि पेन पुढे सरकाविले. सही घेतली, आणि माघारीचा कागद व हा करार, दोन्ही दस्त चिरंजिवांच्या फायलीत गोवराच्या डोसाच्या पानामागे लाविले. मोर्तब.